जुन्या शहरातलं बुटीक हॉटेल : गुलमंडीच्या गल्लीतला मुक्काम

बिंदुसरा | रविवार, रात्री ८.१५

नमस्कार मंडळी,

संभाजीनगरला येणारा पाहुणा साधारण तीन ठिकाणी उतरतो. नातेवाईक असले तर सिडको-हडकोत, कंपनीच्या कामासाठी आला असेल तर जालना रोडवरच्या मोठ्या हॉटेलात, नाहीतर स्टेशनजवळच्या लॉजवर. गुलमंडी, औरंगपुरा, मछली खडक, सराफा या पट्ट्यात खरेदीला सगळे जातात, मुक्कामाला मात्र कुणी थांबत नाही. या वेळी घरच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही बीडहून गेलो आणि मुद्दाम जुन्या शहरातच उतरलो. गुलमंडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका जुन्या वाड्याचं छोटं हॉटेल केलंय, तिथं. नाव लिहीत नाही, कारण न आवडलेल्या गोष्टीही लिहिणार आहे.

माझं मत आधीच सांगते. अशा ठिकाणी आपण पैसे मोजतो ते मुख्यतः दाराबाहेरच्या गल्लीसाठी. म्हणून ते हॉटेल गल्लीशी कसं वागतं, हे पाहिल्याशिवाय त्याला चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही.

वाडा दोन मजली, मधे चौक. दर्शनी ढेलज, म्हणजे दारालगतची बसायची जागा, तशीच ठेवलीय, तिथंच रिसेप्शन. उंबरा चांगला वीतभर उंच. आमच्या खोलीत भिंतीला तीन देवळ्या, म्हणजे कोनाडे, होत्या. एकीत पितळी समई, दुसरीत चहाची किटली, तिसरी रिकामी. त्या रिकाम्या देवळीच्या वरच्या कडेला काजळीचा पट्टा होता, कित्येक पिढ्यांनी दिवा लावल्याचा. अख्खी खोली नव्यानं रंगवली, पण रंगाऱ्यानं तेवढा पट्टा सोडला. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला घराची जाण आहे, असं मला मनापासून वाटलं. पलंगाच्या पायथ्याशी हिमरूची पट्टी अंथरलेली होती. खोलीतल्या कार्डावर तिच्याबद्दल 'स्थानिक कापड' एवढे दोनच शब्द! सुती ताणा, रेशमी बाणा, ही वीण या शहराची ओळख आहे. माग कुठं चालतो, बघायला कुणाला विचारायचं, हे त्या कार्डावर असायला हवं.

आता बस्त्याचं. ज्यांनी बस्ता बांधलाय त्यांना माहीत आहे, एका दुकानात तीन-चार तास सहज जातात आणि मानपानाच्या साड्यांचे गठ्ठे वाढत जातात. दरवेळी आम्ही ते गठ्ठे रिक्षात घालून सिडकोला न्यायचो, की त्या दिवसाची खरेदी संपली. इथं दुकानातला पोऱ्याच गठ्ठे ढेलजेत आणून ठेवत होता. सासूबाई दुपारी खोलीवर येऊन पडायच्या आणि चार वाजता ताज्यातवान्या होऊन पुन्हा सराफ्यात. नवरीच्या शालूला जोडीच्या बांगड्या बघायला शालूच हातात घेऊन जाता आलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली वेगळा दिसलेला रंग चौकातल्या उन्हात धरून बघता आला आणि त्यावरून एक साडी बदलूनही आणली. संध्याकाळी सुपारी हनुमानाचं दर्शन, गरम इमरती, आणि दुकानांची शटरं एकेक करून खाली येईपर्यंत रमतगमत फिरणं. हे सुख जालना रोडवर मिळत नाही.

न आवडलेलं: बाथरूममध्ये छताला मोठा रेन शॉवर, पण पाण्याला जोर नाही. खाली बादली-मग ठेवलेला नव्हता, मागून घ्यावा लागला. गच्चीवरच्या कॅफेत रात्री उशिरापर्यंत स्पीकर चालू. जिना उभा आणि अरुंद. आणि नाश्त्याला पॅनकेक, सिरीयल वगैरे. आम्ही विचारल्यावर दुसऱ्या दिवशी धपाटे, दही, ठेचा आला आणि तो फार चांगला होता. शेजारच्या गल्लीतल्या एक काकू करून देतात म्हणे. मग रोजच का देत नाहीत?

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. फक्त याच शहराचे नाही, कुठल्याही गजबजलेल्या जुन्या वस्तीतल्या अशा हॉटेलांचे.

गोदाकाठचा | रविवार, रात्री ९.४०

छान लिहिलंय ताई. आम्ही नांदेडहून वंदे भारतनं यायचा विचार करतोय. गाडी सकाळीच पोचवते आणि हॉटेलवाले खोली दुपारी देतात. तोवर सामान ठेवू देतात का? आणि वडिलांचे गुडघे दुखतात. जिना उभा म्हणताय तर खालच्या मजल्यावर खोल्या आहेत का? गाडी घेऊन आलो तर लावायची कुठं?

बिंदुसरा | रविवार, रात्री १०.०५

सामान ढेलजेत ठेवू देतात, चहाही देतात. तळमजल्यावर खोल्या आहेत, पण थोड्याच. फोन करून 'खालचीच हवी' असं बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. आणि तो वीतभर उंबरा तळमजल्यालाही आहे, बाथरूममध्ये जातानाही एक पायरी आहे, हे वडिलांसाठी ध्यानात ठेवा. कमोड आहे, पण धरायला दांडा नाही. मी अभिप्रायात लिहून आलेय की निदान एका खोलीत दांडा बसवा. गाडी मात्र आणू नका. गल्लीत रिक्षा कशीबशी वळते.

रंगारगल्ली | रविवार, रात्री ११.२०

मी याच भागात जन्मलो, वाढलो, अजून राहतो. तुमच्या हॉटेलाचं नाव तुम्ही लिहिलं नाही ते चांगलं केलं, कारण मी लिहिणार आहे ते एका हॉटेलापुरतं नाही.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. आठवडा कधी कधी सरतो. जायकवाडी काठोकाठ भरलेलं असतं तेव्हाही हीच गत, कारण अडचण धरणातल्या पाण्याची नसून ते इथवर आणणाऱ्या जलवाहिन्यांची आहे. नव्या योजनेचं काम २०२० साली सुरू झालं, पण आमच्या नळाचा वार अजून कॅलेंडरवर लिहून ठेवावा लागतो. त्या दिवशी घरातलं एक माणूस कामावर उशिरा जातं. ड्रम, हौद, टाकी, हंडे, सगळं भरून घ्यायचं. आता अशा गल्लीत दहा-बारा खोल्यांचं हॉटेल येतं, प्रत्येक खोलीला शॉवर, रोज बदलायच्या चादरी, टॉवेल. त्यांचं पाणी टँकरनं येतं. टँकर पहाटे येतो, मोटार तासभर घरघरते, तेवढा वेळ गल्ली बंद. शाळेची रिक्षा आत येऊ शकत नाही. हे पाहुण्याला दिसत नाही, तो झोपलेला असतो.

हे शहर पाण्याच्या हिशोबावरच वसलंय. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली तेव्हा उत्तरेच्या डोंगरातून जमिनीखालून नहर आणली. मोटार नाही, पंप नाही, सगळं उतारावर आणि दाबावर चालायचं. पाणचक्की पाहिली असेल तर आठवा, तिथला मोठा हौद हाच खालच्या दालनाचं छत आहे. वर पाणी, खाली उन्हाळ्यात बसायला गारवा. ज्यांना जुन्या शहरात हॉटेल काढायचं आहे त्यांनी आधी एवढं तरी बघून यावं. पावसाचं पाणी साठवायला वाड्याच्या चौकासारखी जागा नाही. चारी बाजूंची पागोळी तिथंच पडते. चौकाखाली हौद करायला पैसे लागतात हे कळतं, पण गच्चीवरच्या कॅफेला लागले त्याहून जास्त नक्कीच लागले नसते.

स्पीकरबद्दल. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. सणावाराला वर्षात मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते. गणपतीत आम्ही स्वतः रस्त्यावर असतो, संस्थान गणपतीची मिरवणूक निघते तेव्हा घरात कोण बसतं? पण ते आमचे दिवस आहेत, ठरलेले आहेत. एरवी मंगळवारी रात्री साडेअकराला कुणाच्या वाढदिवसाचं गाणं आमच्या आईनं का ऐकावं? ती पहाटे चारला पाण्यासाठी उठणार असते.

चांगलंही सांगतो. आमच्या समोरचा वाडा पडायला आला होता. वारस पाच, पाचही बाहेरगावी. पावसाळ्यात माळवदाची, म्हणजे वरच्या धाब्याची, माती खाली यायची. तो पाडून तिथं चार मजली कॉम्प्लेक्स उभं राहिलं असतं, गल्लीतले बाकीचे वाडे तसेच गेले. हॉटेल झालं म्हणून तो उभा आहे, त्याचा दरवाजा उभा आहे. संध्याकाळी गल्लीत उजेड असतो. माझा विरोध हॉटेलाला नाही.

चुनाविटा | सोमवार, सकाळी ७.३५

रंगारगल्ली यांच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, मुख्यतः मराठवाड्यात. पाहुण्यांनी काय बघावं ते थोडं सांगतो, कारण खोलीचे फोटो सुंदर असले तरी वाडा जगणार की मरणार हे त्यात दिसत नाही.

पहिलं, भिंती. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात, त्यावर चुन्याचाच गिलावा. चुना ओल धरतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचं प्लास्टर आणि प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते. मग वर्षा-दोन वर्षांत जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत पोपडे, खार फुटणं, वास. खोलीत शिरल्याबरोबर कुबट वास आला आणि कोपऱ्यात उदबत्ती किंवा रूम फ्रेशनर जोरात असला तर पलंगामागची भिंत हात लावून बघा. चांगलं काम असेल तर भिंत गार लागते, ओली लागत नाही. उन्हाळ्यात या शहरात पारा चाळिशीच्या पुढं जातो, तेव्हा दीड-दोन फूट जाडीची कोरडी भिंत निम्मं काम करते, एसी कमी चालवावा लागतो.

चुन्याचं काम करणारे हात आपल्याकडं होते, अजून थोडे आहेत. कळीचा चुना विझवायचा, बरेच दिवस मुरू द्यायचा, वाळूसोबत घाण्यात मळायचा, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, मेथी. मग घोटत बसायचं. बीबी का मकबरा पाहताना लोक संगमरवर शोधतात. खाली कमरेएवढ्या भागात आणि घुमटाला संगमरवर आहे, मधलं सगळं काम आपल्या काळ्या दगडाचं आणि त्यावर घोटलेला गिलावा. साडेतीनशे वर्षांहून जुना हा हुन्नर आहे. हॉटेलवाल्यानं असा एक कारागीर सहा महिने कामाला ठेवला तर त्याची विद्या पुढच्या पोराकडं जाते. हे मी पाहिलंय. वडील काम करत होते, मुलगा मोबाइल दुरुस्ती शिकायला चालला होता, लागोपाठ दोन वाड्यांचं काम मिळाल्यावर तो बापाच्या हाताखाली थांबला.

दुसरं, वरच्या मजल्यावरची बाथरूम. जुन्या वाड्यात संडास-न्हाणी मागं, वेगळी, तळाला असायची. लाकडी तुळयांवरच्या मजल्याला पाण्याची सवयच नाही. आता प्रत्येक खोलीला जोडून बाथरूम हवी म्हणून तुळयांवर काँक्रीट टाकतात. वजन वाढतं, आणि कुठंतरी जोड गळायला लागला की सागवान असलं तरी तुळईचं टोक भिंतीत कुजतं. बाहेरून काही कळत नाही. तळमजल्यावर झोपलात तर छताकडं बघा. तुळईच्या टोकाशी काळपट डाग असेल तर व्यवस्थापकाला सांगा. तक्रार म्हणून नको, सूचना म्हणून सांगा, वेळीच कळलं तर वाचतं.

आणि ती काजळी ठेवली हे वाचून फार बरं वाटलं. आम्ही मालकांना हेच सांगत असतो, सगळं घासूनपुसून नवं करू नका. दहातले आठ ऐकत नाहीत.

मोंढ्यावरचा | सोमवार, सकाळी ९.१०

सगळं वाचलं. एक इचारतो, रागावू नका. एका रातीचे चार-साडेचार हजार देऊन वाड्यात कामून राहावं? आमचं सगळं आयुष्य माळवदाच्या घरात गेलं. पावसाळ्यात माळवद गळायलं की रात-रात परातीं ठेवत बसायचो. उन्हाळ्यात अंगणात झोपायचो, आतमधी उजेड नाही. आई चुलीपुढं खोकून खोकून थकली. दहा वर्साखाली सिलॅबचं घर बांधलं तवा ती रडली होती, आनंदानं. आता शहरातले लोक तेच बघायला पैसे द्यायलेत. मला समजून घ्यायचंय, काय भेटतं? आम्ही परभणीहून माल घ्यायला येतो, स्टेशनपाशी लॉजवर आठशे-हजारात गरम पाणी, स्वच्छ चादर भेटते. सकाळी मोंढा, संध्याकाळी गाडी.

बिंदुसरा | सोमवार, सकाळी १०.००

दादा, रागावण्यासारखं काहीच नाही, उलट हाच प्रश्न विचारायला हवा. तुमच्या आईचं वाचून थांबलेच जरा. माझंही आजोळ पाटोद्याकडचं, माळवदाचं. आजी माळवदावर चढून पांढरी माती पसरायची ते मला आठवतं, तिचे हात आठवतात.

मला जे मिळालं ते सांगते. घर पाहणं हा माझा हेतू नव्हताच, तशी घरं मीही पाहिलीत. मला बाजारात राहायचं होतं. आमच्या घरातल्या बायका बाजारात जातात त्या घाईनं जातात आणि अंधाराच्या आत परततात. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्यापासून गुलमंडीवर खरेदीला येतायत, पण गुलमंडीवरची रात्र त्यांनी पाहिलीच नव्हती. हातात पिशवी नाही, एसटीची वेळ गाठायची नाही, अशा त्या निवांत हिंडल्या. इमरतीच्या कढईसमोर उभं राहून कारागिराशी बोलत बसल्या, पिठी कशी, पाक किती तारी, सगळं विचारून घेतलं. तो माणूसही हात न थांबवता उत्तरं देत होता. त्यासाठी मी पैसे दिले, आणि परत देईन. पण तुमचं काम मोंढ्यातलं असेल तर तुमचा लॉजच योग्य, यात शंका नाही.

उशिरापाळी | सोमवार, दुपारी ३.२५

मी हॉटेल व्यवसायात आहे, सध्या पुण्यात. शिकलो मात्र औरंगाबादलाच, रौझा बागेतल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थेत. डॉ. रफिक झकेरियांनी उभ्या केलेल्या संकुलात ताज समूहाच्या सहकार्यानं ही संस्था निघाली. तिथून शिकलेली पोरं दुबईपासून लंडनपर्यंत आहेत आणि त्याच गावातल्या छोट्या हॉटेलांना चांगला मॅनेजर मिळत नाही, ही खंत माझ्या मनात कायम असते.

मोंढ्यावरचा दादांनी दराचा मुद्दा काढला म्हणून आतलं गणित सांगतो. शंभर खोल्यांच्या हॉटेलला रात्रीचा रिसेप्शनिस्ट एक लागतो, दहा खोल्यांच्या हॉटेललाही एकच लागतो. धोबी, जनरेटर, स्वयंपाकी, टँकर, सगळा खर्च कमी खोल्यांवर पडतो. त्यात ऑनलाइन बुकिंगच्या साइट्स पंधरा-वीस टक्के आणि काही वेळा त्याहून जास्त कमिशन घेतात. म्हणून साइटवर हॉटेल पाहा, फोटो बघा, आणि मग थेट फोन करा. कमी खोल्यांचा मालक बहुतेक वेळा स्वतः फोन उचलतो आणि दरात नाही तर नाश्त्यात, लवकर खोली देण्यात काहीतरी सवलत देतो.

कराचं: सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. जुन्या दरानं, १२ टक्क्यांनी कुणी बिल लावलं तर विचारा. जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तशा आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. खूश होऊन पोराच्या हातात काही दिलंत तर ते वेगळं, ते जरूर द्या.

अशी बुटीक हॉटेलं ऐंशीच्या दशकात लंडन-न्यूयॉर्कमध्ये गाजू लागली, न्यूयॉर्कचं मॉर्गन्स १९८४ चं. खोल्या मोजक्या, साखळी हॉटेलांसारखं एकसाची रूप नाही, आणि खाली बसायची जागा अशी की गावातल्या माणसालाही तिथं यावंसं वाटावं. आपल्याकडच्या मालकांनी पहिल्या दोन गोष्टी उचलल्या, तिसरी राहिली. ढेलज ही तर मुळातच येणाऱ्या-जाणाऱ्यानं टेकायची जागा! तिथं सोफा टाकला आणि बाहेर रखवालदार उभा केला. शेजारचे आजोबा सकाळी पेपर वाचायला येऊन बसले तर पाहुण्याला त्याहून चांगलं काय दाखवणार आहात तुम्ही? मला कधी स्वतःचं छोटं हॉटेल काढता आलं तर ढेलज गल्लीला मोकळी ठेवीन, हे मी ठरवून टाकलंय.

एकटीच_प्रवासी | सोमवार, सायंकाळी ६.५०

ऑडिटच्या कामासाठी मराठवाडाभर फिरते, बहुतेक एकटी. माझा अनुभव असा की जुन्या वस्तीतलं हॉटेल बाईला जास्त सुरक्षित वाटतं. हायवेवरच्या हॉटेलबाहेर रात्री नऊला कुत्रं नसतं. गुलमंडी, पैठण गेटच्या बाजूला नऊ-साडेनऊपर्यंत बायका-मुलं रस्त्यावर असतात, रमजानमध्ये तर बुढी लेन, सिटी चौकाकडं मध्यरात्रीनंतरही सगळं कुटुंब बाहेर असतं. उजेड आणि माणसं, याहून मोठी सोय नाही. तरी खोली घेताना दोन गोष्टी बघते. जुन्या दाराला फक्त कडी-कोयंडा असेल तर आतून वेगळा बोल्ट आहे का, आणि चौकाकडं उघडणाऱ्या खिडकीचा पडदा पूर्ण झाकतो का. चौकाभोवती खोल्या असल्या की समोरच्या सज्जातून सरळ आत दिसतं. एका ठिकाणी मी खिडकीला दुपट्टा लावून झोपले होते.

एक तक्रार मात्र बऱ्याच हॉटेलांबद्दल आहे: लोकल आयडी असेल तर खोली नाही. माझ्या आधारवर याच जिल्ह्यातला पत्ता आहे. घरी रंगकाम चालू होतं म्हणून एक रात्र खोली हवी होती, तर फोनवरच नकार. असा कुठलाही कायदा नाही, तो त्यांचा स्वतःचा नियम असतो. तोंडावर सांगतात की पोलीस त्रास देतात. बिंदुसरा ताई म्हणतात तसं, गल्लीच्या जिवावर हॉटेल चालवायचं आणि गावातल्याच बाईला दार लावायचं, हे मला पटत नाही. ओळखपत्राची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

गोदाकाठचा | सोमवार, रात्री ८.३०

खूप उपयोगी माहिती मिळतेय. वडिलांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ते हैदराबाद संस्थानाच्या काळातले, त्यांना वाडे, नहर हे सगळं ऐकून हुरूप आलाय. आता खायचं कुणीतरी सांगा. आम्ही दोघं शाकाहारी, मुलगा मात्र मांसाहारी.

खाम_नदीकाठ | सोमवार, रात्री ९.१५

मुलाला नान-खलिया खाऊ घाला. खलिया म्हणजे हळदीच्या रंगाचा, तर्रीदार मटणाचा रस्सा, आणि भट्टीतला मोठा, जाड, मऊ नान. मुहम्मद तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ दौलताबादेला आला अशी आख्यायिका सांगतात. लग्नाच्या दावतीत पंगतीच्या पंगती यावरच उठतात. जुन्या शहरात संध्याकाळी आठच्या सुमारास ताजा मिळतो, उशीर केला तर संपतो.

तुमच्यासाठी: सकाळी औरंगपुऱ्याच्या बाजूला पोहे आणि कचोरी. इमरती गुलमंडीवरच, आणि गरमच खा. ती उडदाच्या डाळीची असते, जिलबीसारखी कुरकुरीत असेल अशी अपेक्षा ठेवू नका, मऊ आणि रसाळ असते. रात्री जेवणानंतर उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटरला रिक्षानं जाऊन या, पान खाणारे असाल तर. हॉटेलवाल्यांना आदल्या रात्रीच सांगा की नाश्त्याला धपाटे किंवा सुशीला हवी. चुरमुऱ्यांची सुशीला बाहेरच्या पाहुण्यांना माहीतच नसते, आणि तीच खरं तर मराठवाड्याच्या घराघरातली न्याहारी. आपण मागत राहिलो तर ते करतील.

एक वेळापत्रक: रविवारी गर्दी प्रचंड, दुकानं सकाळी साडेदहा-अकराच्या आधी उघडत नाहीत. त्यामुळं सकाळचा वेळ भडकल गेट आणि पाणचक्कीला द्या. भडकल गेट १६१२ चं, मलिक अंबरनंच बांधलेलं. त्या कमानीखाली सकाळी सातला उभं राहिलात तर तिची खरी उंची कळते, नऊनंतर वाहनांनी काही दिसत नाही.

रंगारगल्ली | मंगळवार, सकाळी ८.०५

काल रात्री हा धागा आमच्या समोरच्या हॉटेलच्या मालकाला पाठवला. तो तरुण आहे, याच शहरातला. आज सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा ढेलजेत भेटला. बराच वेळ बोललो. टँकर दुपारी अकरा ते एकमध्ये घ्यायला तयार आहे, तेव्हा गल्लीत वर्दळ कमी असते, शाळाही भरलेल्या असतात. रेन शॉवरऐवजी साधे शॉवर आणि प्रत्येक खोलीत बादली, हेही पटलं त्याला, कारण पाण्याचं बिल त्यालाच जड जातंय. चादरी रोज न बदलता पाहुण्यानं सांगितल्यावर बदलायच्या. स्पीकरचं म्हणाला की दहाला बंद करतो, पण वाढदिवसवाले ऐकत नाहीत. मी म्हणालो, बुकिंग घेतानाच लिहून घे. बघू, महिनाभरानं इथंच लिहितो काय झालं ते.

चौकाखालच्या हौदाचा विषयही काढला. त्याला खर्चाचा अंदाज हवाय. चुनाविटा, तुम्ही संभाजीनगरला कधी येणार असाल तर कळवा, मी वाडा दाखवायला घेऊन जातो.

चुनाविटा | मंगळवार, सकाळी ९.३०

पुढच्या आठवड्यात पैठणला काम आहे, जाता-येता थांबतो. मालकाला सांगा, खणण्याआधी चौकाचा फरशीखालचा जुना निचरा शोधा. बहुतेक वाड्यांत दगडी मोरी असते आणि ती कुठंतरी बाहेरच्या नालीत जाते. ती सापडली तर अर्धा खर्च वाचेल. आडही असू शकतो, बुजवलेला. घरातल्या जुन्या माणसांना विचारा. पाचपैकी एखाद्या वारसाला नक्की आठवेल.

मोंढ्यावरचा | मंगळवार, सकाळी ११.४५

आड असतोच. आमच्याकडं तं प्रत्येक वाड्यात होता. बुजवताना लोक वरून फरशी टाकत्यात, पाय आपटला की पोकळ आवाज येतो. तसं बघा.

गोदाकाठचा | मंगळवार, दुपारी १.१०

फोन केला. तळमजल्याची खोली मिळाली, आणि बाथरूममध्ये दांडा बसवून ठेवतो म्हणाले, आम्ही पोचायच्या आत. नाश्त्याला सुशीला सांगून ठेवलीय. एकच शंका, वेरूळ आणि अजिंठा दोन्ही करायचंय, वडिलांना अजिंठ्याला जमेल का?

खाम_नदीकाठ | मंगळवार, दुपारी १.३५

वेरूळ तीसेक किलोमीटर, ते सहज जमेल. कैलास लेणं, म्हणजे १६ नंबर, फारसं चढावं न लागता पाहता येतं. अजिंठा शंभराच्या आसपास, अख्खा दिवस जातो आणि पायऱ्या आहेत, पण तिथं डोलीवाले असतात, भाव आधी ठरवून घ्या. सोमवारी अजिंठा बंद असतो, मंगळवारी वेरूळ. त्या हिशोबानं तिकीट काढा.